तक्रारदाराची सही

ती त्याला पहिल्यांदा दिसली तेव्हा टेबलाखाली होती, आणि तिच्यासोबत चार मुलं होती. उरलेली सत्तावीस बाकांखाली होती. वर्ग चौथीचा, वार शुक्रवार, तास शेवटचा. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आधी वाटलं, वर्ग रिकामाच आहे. मग टेबलाखालून आवाज आला, "दार लावून घ्या, उजेड पळून जातोय!"

त्यानं दार लावलं. सांगितलेलं काम निमूटपणे करायची त्याला सवयच होती. नगरपालिकेच्या तक्रार विभागात तो कारकून होता, आणि सहा वर्षांत त्याच्या टेबलावर एकही तक्रार शिल्लक राहिली नव्हती. महिनाअखेरीच्या तक्त्यात 'प्रलंबित' या रकान्यात तो असं सुबक शून्य काढायचा की बघत राहावं. कचेरीत सगळे त्याला शून्यसाहेब म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

"वर्गशिक्षिका भेटतील का?" त्यानं रिकाम्या खुर्चीला विचारलं.

"भेटतील ना. पण तुम्हाला खाली यावं लागेल," टेबल म्हणालं.

आता पत्र हातात देऊन पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही, हा नियम. आणि नियम म्हटला की हा माणूस विहिरीतही उतरला असता. त्यानं फाइल काखोटीला मारली, पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि तो टेबलाखाली शिरला. समोर, हातभर अंतरावर, एक चेहरा होता. नाकावर खडूची पूड, कपाळावर सुटलेली बट, आणि डोळ्यांत इतकं कुतूहल की त्याला उगाचच वाटलं, आपण काहीतरी फार मजेशीर वस्तू आहोत.

"आम्ही टेबलाची खालची बाजू वाचतोय," ती कुजबुजली. "हे बघा. ज्या सुतारानं हे टेबल केलं, त्यानं इथे पेन्सिलीनं एक पक्षी काढून ठेवलाय. पंधरा वर्षं हे टेबल इथे आहे. कुणी बघितलाच नव्हता!"

त्यानं पाहिलं. पक्षी होता. त्यानं पत्र पुढे केलं.

ती मोठ्यानं वाचू लागली. "'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या शाळेच्या पत्त्यावरून या कार्यालयास एकूण एकतीस तक्रारी प्राप्त झाल्या असून, त्यांपैकी एकही तक्रार कोणत्याही विभागाच्या कक्षेत बसत नाही. सबब सात दिवसांत खुलासा करावा...' अगं बाई! म्हणजे ती चौकातली पेटी तुम्ही उघडता?"

"रोज. अकरा वाजता."

"पण ती तर गंजलीय!"

"बाहेरून गंजलीय," तो जरा दुखावल्या आवाजात म्हणाला. "आतून मी पुसतो."

ती हसली नाही, आणि तिथेच तिनं अर्धी लढाई जिंकली. मग तिनं सगळं सांगितलं. शाळेत सगळे तिला 'कवितेच्या बाई' म्हणत. बाकी आठवडाभर ती इतरांसारखीच भूगोल, व्याकरण शिकवायची. फक्त शुक्रवारचा शेवटचा तास कवितेचा. त्या तासाला ती मुलांना म्हणाली होती, की आपल्या मनातली एखादी तक्रार कुणाकडे करायची हेच कळत नसेल, तर तिची कविता करावी. मुलांनी केली. दुसऱ्या दिवशी फिरायला गेल्यावर चौकात मुलांना ती पेटी दिसली. पेटीवर लिहिलं होतं, 'आपली तक्रार येथे टाका'. पत्ता सापडल्यावर मुलं कशाला थांबतील! आणि बाईंना वाटलं, ही पेटी काही कुणी उघडत नसणार.

"मग आम्ही तक्रारी मागे घेतो," ती म्हणाली.

"नोंदलेली तक्रार मागे घेता येत नाही. ती निकाली निघते. त्यासाठी समाधान झाल्याची तक्रारदाराची सही लागते."

"एकतीस सह्या?"

"एकतीस."

बाजूच्या बाकाखालून एक चष्मेवालं डोकं बाहेर आलं. "काका, माझं समाधान एवढं सोपं नाहीये हं."

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. पण शून्यसाहेबानं सवयीनं पत्राच्या तळाशी लिहिलं होतं, 'प्रत: मुख्याध्यापिका, माहितीसाठी.' त्याच्या हातून आजवर शेकडो प्रती गेल्या होत्या आणि त्या कुणीच वाचल्या नव्हत्या. ही वाचली गेली. मुख्याध्यापिका बाईंच्या बावीस वर्षांच्या कारकिर्दीत शाळेला पहिल्यांदाच नगरपालिकेचं पत्र आलं होतं. त्यांनी कवितेच्या बाईंना बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "पाढ्यांमुळे कधी नोटीस आली नाही. कवितेमुळे आली. सत्राच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत हे प्रकरण मिटवा. एक जरी तक्रार उरली, तरी पुढच्या सत्रापासून तो तास गणिताला."

हे त्याला सोमवारी, सह्यांचे फॉर्म घेऊन आला तेव्हा, फाटकापाशी कळलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "तुमच्या एका प्रतीनं माझा तास जाणार. आठवड्यात तेवढाच एक तास मुलांना कुणी 'चूक' म्हणत नाही हो."

सहा वर्षं तो लोकांच्या तक्रारी मिटवत होता. आपण स्वतःच कुणाच्या तक्रारीचं कारण झालोय, ही गोष्ट त्याला नवीन होती.

"चार शुक्रवार आहेत," तो म्हणाला. "मी येतो. प्रत्येक तक्रारीची स्थळपाहणी करू. नियमाप्रमाणे."

"डबक्याचीही?"

"डबक्याचीही."

आणि मग सुरू झाली ती पाहणी! असली पाहणी कुठल्या नगरपालिकेत झाली नसेल. तक्रार होती: 'आमच्या दारातल्या डबक्यानं आभाळ ठेवून घेतलंय आणि परत देत नाही.' पाऊस भुरभुरत होता, छत्री एकच होती. ती अर्थात त्याची होती, कारण तो बारा महिने छत्री बाळगायचा. ती दोघं डबक्याकाठी उभी राहिली. छत्री हळूहळू तिच्या बाजूला कलत गेली, इतकी की शेवटी ती पूर्ण कोरडी राहिली आणि त्याचा डावा खांदा चिंब झाला. त्यानं वाकून पट्टी बुडवली आणि वहीत लिहिलं. तिनं खांद्यावरून डोकावून वाचलं: 'खोली चार इंच. आत आभाळ आढळून आले. मालकी निश्चित करता आली नाही.'

ती इतकी हसली की तोल सावरायला तिला त्याची बाही धरावी लागली. "तुम्ही कविता करता?"

"मी? छे! मी अहवाल लिहितो."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि बाही तिनं जरा उशिरानंच सोडली.

मंगळवारी ऊन पडलं, डबकं आटलं, आणि तक्रारदारानं सही केली: 'आभाळ परत मिळाले.'

दुसरी तक्रार अशी: 'आमच्या जिन्याची सातवी पायरी रडते. फक्त माझे आजोबा चढताना.' शून्यसाहेब तिथे गेला, आजोबांच्या मागून जिना चढला, आणि त्यालाही ऐकू आलं. त्यानं कचेरीतल्या इंजिनिअरला ओढून आणलं. पायरी उखडली तर खालचा लोखंडी कोन पार कुजलेला! इंजिनिअरनं कपाळाला हात लावला. त्या जिन्याची आजवर तीनदा तपासणी झाली होती आणि तिन्ही वेळा मोठ्या माणसांनी 'ठीक' असा शेरा मारला होता. शून्यसाहेबानं अहवालात पहिल्यांदाच एक वाक्य स्वतःच्या मनचं घातलं: 'ही पायरी रडते हे ज्याच्या कानाला कळले, त्याला ऐकायला कोणीतरी शिकवले आहे.' त्याची प्रत त्यानं मुख्याध्यापिकांना पाठवली. ह्या वेळी मुद्दाम.

चष्मेवाल्याची तक्रार चंद्राबद्दल होती. चंद्र त्याच्या मागे मागे घरापर्यंत येतो, बंदोबस्त व्हावा. पाहणी संध्याकाळी सहाला, मैदानावर. चष्मेवाला पंच म्हणून मधोमध उभा. शून्यसाहेबानं डावीकडे चालायचं, बाईंनी उजवीकडे, दोघांनी चंद्रावरची नजर काढायची नाही.

"माझ्याबरोबर येतोय!" ती लांबून ओरडली.

"माझ्याही!" तो ओरडला. आपण भर मैदानात ओरडलो, याचं त्याला दोन पावलांनंतर आश्चर्य वाटलं. आणि आणखी चार पावलांनंतर त्याला कळलं की एवढं चालून आपण तिच्यापासून लांबच जातोय, आणि ते आपल्याला अजिबात आवडत नाहीये. तो जागच्या जागी थांबला. चंद्रही थांबला.

"म्हणजे तो फक्त माझ्याच मागे नाही ना?" चष्मेवाल्यानं खात्री करून घेतली. "मग चालेल." त्यानं सही ठोकली.

घरी त्याच्या आईच्या नजरेतून काय सुटणार! "आठवडाभर नुसता घडी केलेला शर्ट, आणि शुक्रवारी कडक इस्त्री," ती कपाट लावता लावता म्हणाली. "कसली तक्रार आहे रे ही?"

"सार्वजनिक आहे, आई."

"बरं. मग तुझ्या त्या सार्वजनिक तक्रारीला एकदा घरी चहाला घेऊन ये."

त्याचे कान लाल झाले. पण खरी अडचण आईला माहीत नव्हती. तिसऱ्या शुक्रवारअखेर तीस सह्या झाल्या होत्या. उरली होती एक. आणि ज्या माणसाला सहा वर्षांत एक जरी तक्रार उरली असती तर जेवण गोड लागलं नसतं, तो माणूस चक्क मनात म्हणत होता... राहू दे एक. एक उरली तर पुढच्या आठवड्यात जाता येईल, त्याच्या पुढच्याही. तेवढ्यात त्याला आठवायचं की एक उरली तर तिचा तास जातो, आणि त्याला स्वतःची अशी लाज वाटायची की विचारू नका. सही मिळवली तर तिचा तास वाचतो आणि आपलं तिथे जाणं संपतं. हा हिशेब त्यानं चार बाजूंनी मांडून पाहिला, कुठूनच सुटेना.

ती शेवटची तक्रार शेवटच्या बाकावरच्या मुलीची. वर्गात तिला सगळे 'आजी' म्हणत, कारण ती कमी बोलायची आणि बोलली की पुढचा गप्प व्हायचा. तिनं तीन ओळी लिहिल्या होत्या:

'मोठी माणसं मला तेवढंच विचारतात,
जेवढं त्यांना आधीच येतं.
मग विचारतात कशाला?'

तक्रार कुणाविरुद्ध, या रकान्यात लिहिलं होतं: सर्व.

शेवटचा शुक्रवार उजाडला. निळा शर्ट, कडक इस्त्री, हातात फॉर्म. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. ती फळ्यापाशी डस्टर हातात धरून उभी होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता. दाराशी मुख्याध्यापिका घड्याळ बघत होत्या. तास संपायला पंधरा मिनिटं उरली होती.

शून्यसाहेब आजीच्या बाकापाशी गेला. "हं. मी तुला प्रश्न विचारतो. ज्याचं उत्तर मला येत नाही असा. तसा जमला तर सही करशील?"

आजीनं मान हलवली.

"तुला... सगळ्यांत जास्त कोणता रंग आवडतो?"

"माझं दप्तर पिवळं, डबा पिवळा, रिबीन पिवळी," आजी म्हणाली. "दिसतंय की."

वर्ग खुसखुसला. त्यानं घाम पुसला. "बरं, आपल्या गावात एकूण दिव्याचे खांब किती?"

"तुमच्या कचेरीत लिहिलेलं असेल. आणि तुम्हाला ते जाणून कुठे घ्यायचंय? तुम्ही उगाच विचारताय."

हे त्याला बरोबर लागलं. नुसतं उत्तर येत नसून भागत नव्हतं. उत्तर हवंही असायला हवं होतं. मुख्याध्यापिकांना राहवेना. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, सही कर ना. बरं, मी विचारते. तुम्हा मुलांना गणित का गं आवडत नाही?"

"मला आवडतं," आजी म्हणाली. "खूप आवडतं. त्यात पण कविता असते. तुम्ही कधी विचारलंच नाही."

बावीस वर्षं गणित शिकवलेल्या मुख्याध्यापिका एका रिकाम्या बाकावर हळूच टेकल्या.

"हा प्रश्न बरा होता," आजीनं न्याय दिला. "पण तक्रार मी काकांकडे केलीय."

दहा मिनिटं. पाच. त्यानं फळ्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि त्या नजरेत तासाची काळजी होतीच, पण आणखीही काहीतरी होतं, जे त्याला तीन आठवडे वाचता आलं नव्हतं. ते काय असेल याचा विचार करून करून त्याची झोप उडाली होती. आणि मग त्याला एकदम उमगलं की आपल्याजवळ एक प्रश्न आहे. एकच आहे. त्याचं उत्तर आपल्याला येत नाही, आणि दुसरं काहीच इतकं जाणून घ्यायचं नाहीये.

तो बाकापाशी गुडघ्यावर बसला. कुजबुजायचा त्याचा विचार होता, पण त्या शांततेत ते साऱ्या वर्गाला ऐकू गेलं.

"मी पुढच्या शुक्रवारी आलो नाही... तर तुझ्या बाईंना... काही वाटेल का?"

आजीनं त्याच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं. "मला माहीत नाही."

"मलाही माहीत नाही."

"खरंच?"

"आईशप्पथ."

आजीचा चेहरा फुलला. तिनं फॉर्म ओढला, पेन्सिलीला टोक आहे का ते तपासलं आणि जीभ दातांत धरून अख्ख्या रकान्याच्या बाहेर जाईल एवढी मोठी सही केली. "उत्तर मात्र मी देणार नाही हं," ती म्हणाली. "ते ज्याचं त्यानं बघायचं."

तीस माना एकदम फळ्याकडे वळल्या. बाईंच्या हातून डस्टर पडला. त्या कानापर्यंत लाल झाल्या होत्या, आणि कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. नेमकी त्याच क्षणी घंटा वाजली, पण एक मूल जागचं हललं नाही.

मुख्याध्यापिका उठल्या. त्यांनी फॉर्म हातात घेऊन निरखला. "एकतीस?"

"एकतीस," तो म्हणाला.

"पुढच्या सत्रात शुक्रवार आहे तसाच राहील," त्या म्हणाल्या. "आणि पहिल्या शुक्रवारी मी पण बसणार आहे. मागे, हिच्या शेजारी." मग कवितेच्या बाईंकडे वळून त्या जराशा खाकरल्या. "आणि त्यांना काय ते सांगून टाका हो. माणूस अजून गुडघ्यावरच आहे."

मुलं गेली. म्हणजे जायला लावली, तेव्हा कुठे गेली. चष्मेवाला दोनदा काहीतरी विसरल्याचं सांगून परत येऊन गेला. शेवटी व्हरांड्यात ती दोघंच उरली. तो फाइलीचा बंद सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

"मी असं... सगळ्यांसमोर... मला ते म्हणायचं नव्हतं," तो म्हणाला. "म्हणजे म्हणायचं होतं. पण असं नाही. मला तुम्ही आवडता. फार आवडता. तुमचा तास वाचावा म्हणून मी आलो होतो, पण मधल्या मधल्या शुक्रवारी मला वाटलं की एक तक्रार उरू दे. हे तुम्हाला सांगायला हवं होतं."

"मलाही वाटलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"एक उरू दे असं." ती हसली. "माझा स्वतःचा तास, आणि मी देवाला सांगत होते, आजीला सही करू देऊ नकोस. म्हणजे बघा, मी किती वाईट बाई आहे ते! आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर... वाटेल. तुम्ही पुढच्या शुक्रवारी आला नाहीत तर वाईट वाटेल. गुरुवारपासूनच वाटायला लागेल."

त्याच्या जिवात जीव आला. आणि मग त्याच्यातला कारकून जागा झाला. "पण उद्यापासून सुट्टी लागतेय. पुढच्या शुक्रवारी शाळाच नाही."

"नाही."

"मग मी यायचं कुठे?"

तिनं खांद्यावर पिशवी अडकवली, थोडा विचार केला आणि मान हलवली. "मलाही माहीत नाही."

दोघं पायऱ्या उतरून फाटकाबाहेर पडले. कोपऱ्यावर तिचं घर डावीकडे होतं आणि त्याचं उजवीकडे. दोघंही सरळ चालत राहिले.